टिचबटणांची मोटरसायकल

तुमच्या घरातली टिचबटणं कधी चोरीला गेली आहेत का हो? पोलक्याची टिचबटणं! दागिने नाहीत, तांब्या-पितळेची भांडी नाहीत, नुसती टिचबटणं! नाही ना? मग प्रमोदिनीचं दुःख तुम्हाला काय कळणार! ऐन नवरात्रात, अष्टमीला, देवीची ओटी भरायला निघालेली बाई ट्रंक उघडते, तपकिरी पोलकं काढते, तर त्याला बटणं नाहीत, निळं काढते, त्याला नाहीत, लग्नातलं डाळिंबी खणाचं, जे वर्षातून दोनदा अंगाला लागतं, त्याचीही नाहीत... आणि उसवलेली तरी किती नाजूक हातानं! एक टाका इकडचा तिकडे नाही! आणि चोर कोण? तर घरातलाच! जिन्याखाली पालथा पडलेला, तोंडात दोन स्क्रू धरलेले, आणि बायको समोर येऊन उभी राहिली तर शरमायचं सोडून वर म्हणतो काय, "अगं, झालंच! एकच तार राहिलीय!"

हा चोर म्हणजे हरिहर, प्रमोदिनीचा नवरा. तसा भला माणूस हो! कल्याणात राहायचा, रेल्वेच्या कचेरीत कारकून होता, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, संध्याकाळी घरी आला की पाय धुऊन चहा मागणारा. पण लढाई संपली, कल्याणजवळची लष्कराची छावणी उठली, आणि तिथलं सामान लिलावात निघालं. आता शहाण्या माणसांनी काय घेतलं? कुणी कांबळी घेतली, कुणी लोखंडी खाटा घेतल्या, शेजारच्यांनी तर चांगली मोठी पातेली आणली, अजून लग्नामुंजींना मागून नेतात लोक. आणि ह्यानं काय आणलं? मोटरसायकल! खाकी रंगाची, म्हशीएवढी, पुढे एक डोळा आणि त्यालाही तडा गेलेला! चार माणसांनी ढकलत आणली, जिन्याखाली उभी केली, आणि प्रमोदिनीनं त्या दिवशी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. तिला काय ठाऊक, पुढं काय वाढून ठेवलंय ते!

कारण तुम्हाला सांगते, त्या गाडीचं इंजिन बिचारं धडधाकट होतं. लाथ मारली की सुरू. खोट होती ती तारांत. पुढचा दिवा, मागचा दिवा, हॉर्न, बॅटरी, सगळीकडे जाणाऱ्या मिळून अकरा तारा, आणि त्या तारांवर सुताचं वेष्टण. ते इतकं विरलेलं, की आतलं तांबं उघडं पडलेलं. आता उघड्या तारेवर गुंडाळायची एक काळी चिकटपट्टी मिळते म्हणे मुंबईला. पण हरिहर म्हणाला, "पट्टी कशाला? घरात काय कमी आहे?" आणि त्यानं प्रमोदिनीच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या, कणकेची छान दाट खळ शिजवली... हो हो, पतंगाला लावतात ना, तीच! आणि सगळ्या तारांना खळ लावलेल्या चिंध्या गुंडाळून वाळवल्या. दिसायला इतकं सुरेख दिसत होतं म्हणता! रात्री उंदीर आले. जिन्याखालचेच ते, घरचेच म्हणायचे, त्यांना काय आमंत्रण लागतं? सकाळी बघतात तर चिंध्या नाहीत, खळ नाही, पूर्वीचं वेष्टण होतं तेही नाही! नुसतं तांबं चमकतंय! आणि हरिहर त्या तारांकडे बघून म्हणतो, "बरं झालं, एकच तार सोडलीय त्यांनी. ती कशी सोडली ते पाहिलं पाहिजे."

इथवर ठीक होतं. नवऱ्याला नाद असतात, कुणाला पत्त्यांचा, कुणाला भजनी मंडळाचा. पण मागल्या दसऱ्याला त्याला काय बुद्धी सुचली, तर म्हणे, या गाडीवरून ठाण्याला जाऊ, अण्णांना सोनं देऊ!

अण्णा म्हणजे प्रमोदिनीचे वडील. ठाण्याला खोपट म्हणून भाग आहे तिथं राहायचे, हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. प्रमोदिनी एकुलती एक, आई तिची दोन वर्षांपूर्वी गेलेली, तेव्हा अण्णा घरात अगदी एकटे. स्वतःच्या हातानं भात टाकायचे, तो एक तर करपायचा नाही तर कच्चा राहायचा, आणि पोरीनं विचारलं की म्हणायचे, "उत्तम झाला होता." प्रमोदिनीचा जीव तुटायचा हो. तिच्या मनात एवढंच, की अण्णांनी कल्याणला यावं, चार दिवस राहावं, लेकीच्या हातचं गरम जेवावं.

आणि त्या मागल्या दसऱ्याला झालं काय? कळव्यापर्यंत गाडी नीट आली, तिथं पोचल्यावर तारांतून धूर आला, हरिहरनं घाबरून इंजिन बंद केलं, आणि मग एका गवताच्या बैलगाडीच्या मागे दोरीनं बांधून ती मोटरसायकल खोपटला नेली! वर हे दोघं बसलेले! आळीतली सगळी माणसं सोनं वाटायला रस्त्यावर, आणि त्यांच्या मधून ही वरात! अण्णा दारात उभे. त्यांनी बैलांकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, आणि वर्गात उत्तर चुकलेल्या मुलाला म्हणावं तसं म्हणाले, "या जावईबापू! बैल छान आहेत."

बस्स! हरिहरच्या डोक्यात तिडीक गेली. सगळ्या आळीसमोर म्हणाला, "आता या दारात येईन तर या गाडीवरूनच येईन, हॉर्न वाजवत येईन! नाही तर येणार नाही!" आणि अण्णा कमी का आहेत? ते म्हणाले, "अवश्य! ज्या दिवशी ती तिच्या पायांनी माझ्या दारात येईल, त्या दिवशी मीही तुमच्या उंबऱ्यात पाऊल टाकीन. तोवर नाही." आणि मधल्या मध्ये प्रमोदिनी! म्हणजे बघा, दोन शहाणीसुरती माणसं, एक पदवीधर, एक रेल्वेतला, आणि बोलणं बंद कशावरून? तर बैलांवरून! वर्षभर ती एकटी आगगाडीनं ठाण्याला जायची, अण्णांना पोळ्या करून घालायची, आणि अण्णा पोळी मोडता मोडता विचारायचे, "काय म्हणतंय तुमचं वाहन?" आणि घरी आली की हा जिन्याखालून विचारायचा, "काय म्हणत होते?" आणि ती बिचारी दोघांनाही सांगायची, "काही नाही हो, तुमची चौकशी करत होते."

वर्षभर! वर्षभर दुरुस्ती चालली! कधी मेण वितळवून तारांना लावलं, तर इंजिन तापल्यावर ते पातळ होऊन हरिहरच्या विजारीवर. कधी सायकलच्या जुन्या ट्यूबची रिंगणं कापून तारांवर चढवली, आणि हे मात्र जमलं बरं का, खोटं कशाला बोला! उंदरांनीही तोंड लावलं नाही. मग प्रश्न उरला जोडांचा. तारा जिथं एकमेकींना जोडायच्या तिथले मूळचे पितळी जोड गंजून भुगा झालेले. प्रमोदिनी म्हणाली, "अहो, नुसता पीळ देऊन बांधा ना तार तारेला." तर केवढा राग आला! "पीळ देऊन? अगं, पीळ देऊन तार जोडणं म्हणजे निव्वळ गावठीपणा! जोड कसा हवा? दाबला की बसला पाहिजे, ओढला की सुटला पाहिजे!" आणि असं म्हणता म्हणता त्याची नजर गेली दोरीवर वाळत घातलेल्या पोलक्यावर...

तर अशी गेली ती टिचबटणं! अकरा जोड, अकरा बटणं. तारेच्या एका टोकाला वरचा अर्धा भाग, दुसऱ्या टोकाला खालचा. दाबलं की टिच! बसलं. आणि खरं सांगायचं तर कल्पना वाईट नव्हती, प्रमोदिनीलाही मनातून कौतुक वाटलं. पण देवळात मात्र ती पोलक्याला सहा सेफ्टी पिना लावून गेली, आणि वाकून नमस्कार करताना तिसरी पिन अशी टोचली की देवीसमोर ती "आई गं" म्हणून ओरडली. पुजाऱ्याला वाटलं, काय भक्ती आहे!

आता ऐका पुढं. खंडेनवमी. दुसऱ्या दिवशी दसरा. हरिहर सगळी बटणं सोडून एकदा शेवटचं तपासत बसलेला. तारा सगळ्या काळ्या, एकसारख्या, बावीस टोकं, कुठली कुठं जाते ओळखायचं कसं? तर त्यानं देवघरातलं तबक उचललं. पुढच्या दिव्याच्या दोन्ही टोकांना हळद, हॉर्नच्या दोन्ही टोकांना कुंकू, बॅटरीला भस्म, मागच्या दिव्याला शेंदूर. पुढं अष्टगंध, मेंदी, गुलाल, चुना, नीळ, रांगोळीची पूड, आणि देवघरातलं सगळं संपलं तेव्हा अकराव्या तारेला तपकीर! पिवळ्याला पिवळी जोडायची, लालला लाल. सोपं! झोपताना म्हणाला, "उद्या सकाळी दहा मिनिटांचं काम. तुझे अण्णा बघतीलच!" आणि तुम्हाला सांगते, वर्षभरात पहिल्यांदा प्रमोदिनीला शांत झोप लागली.

इथं सुमतीकाकू येतात. सुमतीकाकू म्हणजे समोरच्या बिऱ्हाडातल्या. साठी उलटलेली, मोठं कुंकू लावणाऱ्या, प्रेमळ म्हणजे किती, की तुमच्या घरचं काम तुमच्याआधी उठून करतील! दसऱ्याला पहाटे त्यांनी आपल्या घरची विळी, पाटा, कातरी, जातं, सगळ्याची पूजा केली, तबकात हळदीकुंकू उरलं, आणि त्यांच्या मनात आलं, अगं बाई, त्या पोराची गाडी! आज शस्त्रांची पूजा, वाहनांची पूजा, आणि ते बिचारं जिन्याखाली पारोसं! आल्या तबक घेऊन. बघतात तर काय? तारेतारेला काहीतरी फासलेलं! कुणाला शेंदूर, कुणाला नीळ, एकीला तर चक्क तपकीर! काकू हळहळल्या. त्यांनी ओलं फडकं आणलं, बावीसच्या बावीस टोकं पुसून लख्ख केली, आणि मग प्रत्येकाला आपल्या हातानं हळदही लावली आणि कुंकूही लावलं! एकालाही उणं ठेवलं नाही! वर झेंडूची फुलं.

हरिहर दात घासत बाहेर आला आणि नुसता बघतच राहिला. तोंडातली राखुंडी खाली गळली.

"काकू... हे..."

"अरे, काही म्हणू नकोस!" काकू डोळे पुसत म्हणाल्या. "तू मला मुलासारखा. त्या तारांत दुजाभाव बरा नाही रे दिसत. एकीला हळद, एकीला नुसतं कुंकू, ती तपकीरवाली तर मला बघवेना. सगळ्याजणींना सारखं लावलंय बघ."

आता काय बोलणार सांगा! अशा बाईला तुम्ही काय बोलणार? हरिहरनं वाकून नमस्कार केला, काकूंनी "यशस्वी हो" म्हटलं, आणि गेल्या. आणि तो मट्‌कन पायरीवर बसला. बावीस टोकं! आणि टिचबटण म्हणजे कसं, वरचं कुठलंही खालच्या कुठल्याहीवर बसल्यासारखं करतं! त्यानं एक जोडून पाहिलं, हॉर्नचं बटण दाबलं तर मागचा दिवा लागला. दुसरं जोडलं, दिवा लावायला गेला तर काही नाही, पण बॅटरीतून चर्र असा आवाज आला. दहा वाजले. अकरा वाजले. जेवणं राहिली. श्रीखंडाचा डबा प्रमोदिनीनं बांधून ठेवलेला, आपट्याची पानं पाण्यात घालून ठेवलेली, आणि नवरा पायरीवर डोकं धरून. बारा वाजता तो म्हणाला, "आगगाडीनं तू एकटी जा. मी काही येत नाही."

प्रमोदिनीनं हे जिन्यावरून ऐकलं. म्हणजे आणखी एक वर्ष! अण्णांचा भात आणखी एक वर्ष करपणार! ती भराभरा खाली आली, पदर खोचला, जमिनीवर बसली, आणि एक टोक हातात घेतलं.

"हे माझ्या निळ्या पोलक्याचं."

"म्हणजे?"

"म्हणजे निळ्याचं! वरून दुसरं. कडेला चपटं झालंय, लाटण्यानं ठोकलं होतं मी. याची जोडी कडक बसते. सरका तिकडे." आणि ती शोधत गेली. चपट्याला चपटं भेटलं, टिच! "हे तपकिरीचं, गळ्यापाशीचं. हे ढिलं, बोलता बोलता सुटायचं. याचं खालचं बघा, काळं पडलेलं असेल... हं, हेच!" टिच! "आणि हे डाळिंबीचं, लग्नात नवं होतं, हे दाबताना दोनदा वाजतं." टिच-टिच! हरिहर तोंड उघडं टाकून बघतोय! अहो, वापरलेलं टिचबटण आपल्या जोडीशिवाय दुसऱ्याला नीट धरत नाही, हे कुठल्याही बाईला विचारा! पण रेल्वेच्या कचेरीत कोण सांगणार?

दहा जोड्या लागल्या. पुढचा दिवा लागला. मागचा लागला. हरिहर उडी मारून उठला, "अगं, तू... तू तर... एकच तार राहिलीय!"

खरंच एकच राहिली होती. हॉर्नची! आणि तिच्या एका टोकाला बटणाचा अर्धा भागच नाही. काकूंनी प्रेमानं पुसताना तो निसटला असणार आणि मोरीतून वाहून गेला असणार. आणि दसऱ्याच्या दिवशी बटणांचं दुकान कोण उघडतो? तीन वाजत आले. प्रमोदिनी म्हणाली, "अहो, हॉर्न राहू दे, तोंडानं ओरडा." तर म्हणे, "मी सगळ्या आळीसमोर हॉर्न म्हणालो होतो! वाटेत काहीतरी करीन. निघू तर या!" आणि ती तार तशीच लोंबती ठेवून, दोघं निघाले. पुढं हरिहर, मागं एका अंगानं प्रमोदिनी, एका हातात श्रीखंडाचा डबा, दुसऱ्या हातात आपट्याची पानं, आणि धरायला तिसरा हात नाही! शिळच्या रस्त्यानं नुसते खड्डे, मुंब्र्याचा डोंगर गेला, बाई डोळे मिटून देवीचं नाव घेतेय, आणि गाडी मात्र, खरं सांगते, एकदाही खोकली नाही!

कळव्याला खाडीशी आले आणि ती लोंबणारी तार वाऱ्यानं मागं येऊन प्रमोदिनीच्या बांगड्यांत अडकली. थांबले. कडेला एक म्हातारी कोळीण जाळं विणत बसली होती, जनाबाई तिचं नाव, तिनं हातातलं काम खाली ठेवलं आणि कंबरेवर हात ठेवून आली.

"आगो बाय माजे! यो काय लोंबतंय तुज्या गारीचा?"

"तार आहे हो, आजी," हरिहर म्हणाला. "एकच तार राहिलीय."

"येकच राहिली, न ती बायकोचे गल्यात घालतंस? फास लागंल ना तिला! सर बाजूला."

"अहो पण आजी, ती नुसती बांधायची नाही, तिथं टिचबटण..."

"तुजा बटन घाल चुलीत! लोंबतंय त्याला बांधाचा. इतकी वरसा मी जाली विनतंय, मना शिकवतंस?"

आणि तिनं कनवटीचं जाळ्याचं सूत काढलं, ती तार हँडलच्या दांड्याला अशी करकचून बांधली, गाठीवर गाठ, त्यावर गाठ, की बघत राहावं! "जाल्याची गाठ हाय ती. दर्यान बी सुटाची नाय." हरिहर म्हणत होता, "आजी, तार उघडी आहे, लोखंडाला लागेल," पण ऐकतंय कोण? प्रमोदिनीनं तिला आपट्याचं पान दिलं, म्हातारीनं तिच्या गालावरून हात फिरवला, म्हणाली, "जा, बापाचे घरा सुखान जा." तिला कसं कळलं बापाच्या घरी चाललीय? तोंडावरच लिहिलं असेल.

गाडी सुरू झाली, हँडल डावीकडे वळवलं, आणि पोंऽऽऽ! हॉर्न! हरिहरला आनंदानं काय करू आणि काय नको! "वाजला! अगं, वाजला!" सरळ केलं की बंद. डावीकडे वळलं की पोंऽऽ! पूल संपेपर्यंत तो मुद्दाम डावीकडे वळवत होता आणि समोरून येणारे टांगेवाले शिव्या देत होते. आणि तुम्हीच सांगा, ठाण्यात शिरल्यावर खोपटच्या आळीला जायला शेवटचं वळण कुठलं? डावं! ते वळण घेतलं, पोंऽऽऽ, आणि आता हँडल सरळ केलं तरी पोंऽऽऽ! उजवीकडे नेलं तरी पोंऽऽऽ! ती उघडी तार लोखंडाला जी चिकटली ती चिकटलीच!

काय ती शोभा! आळीतली माणसं पुन्हा सोनं वाटत उभी, ती सगळी भिंतींना चिकटली. कुत्री पळाली. गाडी अण्णांच्या दारात थांबली, हरिहरनं इंजिन बंद केलं, तरी पोंऽऽऽ! हॉर्न बॅटरीवरचा, त्याला इंजिनाचं काय! हरिहर गाठ सोडतोय, ती सुटेना. दातानं ओढतोय, सुटेना. प्रमोदिनी मोठ्यानं ओरडून सांगतेय, "अण्णा, आम्ही आलोऽऽ," जसं काही कुणाला कळलंच नव्हतं! आणि अण्णा दारात, दोन्ही कानांत बोटं घालून उभे.

कुणीतरी म्हणालं, पाणी ओता. कुणी म्हणालं, पोलिसांना बोलवा. अण्णा आत गेले. प्रमोदिनीला वाटलं, झालं! दार लावून घेतायत! डोळ्यांत पाणी आलं तिच्या. पण अण्णा परत आले ते पानाच्या डब्यातला अडकित्ता घेऊन. गाडीपाशी बसले, चष्मा वर केला, आणि म्हातारीची ती गाठ अडकित्त्यात धरून कचकन कापली.

शांत! इतकं शांत झालं, की कुणाच्या तरी घरात दूध उतू जात होतं त्याचा चर्रर्र आवाज रस्त्यावर ऐकू आला.

"आली की नाही?" हरिहर धापा टाकत म्हणाला. "तिच्या पायांनी आली! हॉर्न वाजवत आली!"

अण्णा ती कापलेली तार हातात धरून बघत राहिले. मग म्हणाले, "आली. पण हॉर्न थांबत का नव्हता ते कळलं पाहिजे."

"हॉर्नच्या बटणाची तार आहे अण्णा ती. डावीकडे वळलं की लोखंडाला लागते आणि हॉर्न वाजतो."

"ते मला कळतं रे! मग सरळ केल्यावर सुटायला हवी होती. का सुटली नाही? दुसरीकडे कुठं लागत असेल?"

"नाही हो, बाकी दहा ठीक आहेत. एकच तार राहिलीय."

"हरिहर!" अण्णा म्हणाले. जावईबापू नाही बरं का! हरिहर! "एक चुकली म्हणजे अकराही तपासायच्या. हे काय, टिचबटणं? कुणाची अक्कल?"

"माझी."

"उत्तम!" अण्णा म्हणाले. "चांगली पकड आहे. पण खुणा काय केल्यास? सगळ्यांना हळद आणि कुंकू? अरे, खडूनं आकडे घाल! एक ते अकरा! सोड, सगळ्या सोड!"

"अहो, सोडू नका!" प्रमोदिनी ओरडली. "मी दुपारी अडीच तास बसून..." पण टिच, टिच, टिच, टिच-टिच! सुटल्या. दोघंही अंगणात मांडी घालून बसलेले, धोतराला काळे डाग, विजारीला काळे डाग. ती अण्णांसमोर वाकली, म्हणाली, "अण्णा, सोनं घ्या." अण्णांनी वर न बघता पानं घेतली, खिशात घातली, आणि म्हणाले, "पमू, आत माझ्या टेबलावर खडू आहे बघ. आणि कंदील आण."

तिनं कंदील नेला. तिनं पुऱ्या तळल्या. ती दोनदा हाक मारून आली, "गार होतायत हो," आणि दोन्हीकडून एकच उत्तर, "आलोच!" तिनं श्रीखंडाच्या वाट्या अंगणात नेऊन ठेवल्या, तर अण्णांनी श्रीखंड खाता खाता एका वाटीत स्क्रू ठेवले. हरिहर हसत होता. अण्णा त्याला काहीतरी समजावत होते, जमिनीवर खडूनं चित्र काढून, अगदी वर्गात काढायचे तसं, आणि तो "हो अण्णा, हो अण्णा" करत होता. प्रमोदिनी उंबऱ्यावर बसून बघत होती. वर्षभर दोघांनी बोलावं म्हणून तिनं किती देव पाण्यात घातले होते! आता बोलत होते. दोघंही एकदमच बोलत होते. फक्त तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. मग तिनं एकटीनंच पुऱ्या खाल्ल्या, चार, आणि त्या खरंच छान झाल्या होत्या, आणि अण्णांना तिनं हळूच विचारलं, "मग कल्याणला कधी येताय?" तर अण्णा म्हणाले, "येतो गं, पण गाडीवरूनच येतो, ही एवढी मागच्या दिव्याची भानगड निस्तरली की... हरिहर, पाच नंबर कुठाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमोदिनी सव्वासातच्या गाडीनं एकटीच कल्याणला परतली. सासरा आणि जावई मोटरसायकलीखाली होते, आणि तिला स्टेशनवर पोचवायला कुणी आलं नाही.